निर्मात्याच्या बायकोनं वही वाचली

आमच्या घरातून आजवर एकच निर्माता निघाला, आणि तो पंधरा मिनिटं टिकला.

ते म्हणजे माझे यजमान. पोंभुर्ण्याजवळच्या आमच्या गावात ते शिलाई मशीन चालवायचे. दोन हजार सालाच्या आसपास त्यांनी कुठंतरी शॉर्ट फिल्म नावाची वस्तू पाहिली आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर मशीनवर चादर टाकली. "आता मी कपडे शिवत नाई. मी निर्माता व्हय." सासऱ्यांनी एवढंच सांगितलं, की पिक्चर गावाला आवडली तर मशीन विकून टाकू, नाही आवडली तर गुपचूप तिच्यावर बसायचं. यांनी चारचौघांत कबूल केलं. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज त्या चादरीखाली बिनबाह्यांचे पडले होते, पण त्यांचं मत कोणी विचारलं नाही.

गोष्ट दारूबंदीची होती, लिहिली यांनीच. नट सुखदेवभाऊ, आमच्या गावच्या नाटक मंडळातले खलनायक. हिरॉइन व्हायला कोणी तयार होईना, म्हणून ती गोष्ट सुरू व्हायच्या आधीच मेली. तिच्यासाठी फोटोही मिळेना, म्हणून भिंतीवरच्या खिळ्यालाच हार घातला. (निर्मात्याला डोकं चालवावं लागतं!) लग्नाचं शूटिंग करणारा एक जण कॅमेरा घेऊन चंद्रपूरहून आला.

तेव्हा कळलं की सुखदेवभाऊंना एकही वाक्य पाठ नाही. मला फार हसू आलं, पण त्यात त्यांची चूक नव्हती. आमच्या मंडळाच्या नाटकात एक जण आडोशाला बसून वही वाचतो आणि नट तेच वाक्य गर्जून म्हणतो. भाऊंनी वीस वर्षं अशीच गाजवली. पण वही वाचणाऱ्या बुवांच्या डोळ्याचं नेमकं ऑपरेशन झालं होतं, आणि यांचं अक्षर गावात आणखी एकाच माणसाला लागतं. ते माणूस मी, चौथी पास.

मी पुरुषांसमोर बोलत नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तरी सासऱ्यांशी मान हलवूनच काम भागायचं. "तुले कोन ऐकते?" हे म्हणाले. "पदर घे आन् कॅमेऱ्याखाली बस." मी कॅमेऱ्याच्या तीन पायांमध्ये बसले आणि पुटपुटत वाचत गेले. मागोमाग सुखदेवभाऊ गर्जत गेले. शेजारच्या कौसल्याबाई सोबतीला येऊन बसल्या आणि अधूनमधून आपल्या ब्लाऊजची चौकशी करत राहिल्या. सगळं इतकं सुरळीत पार पडलं की यांनी मशीनला गिऱ्हाईक शोधायला घेतलं.

कॅमेऱ्याचा माइक कॅमेऱ्यालाच असतो, हे कॅमेरावाल्याला माहीत होतं. पण लग्नाच्या कॅसेटवर शेवटी गाणी चढवायची असतात. आवाज ऐकून पाहायची त्याला सवयच नव्हती.

भर दुपारी शाळेच्या खोलीत खिडक्यांना ताडपत्री लावून टीव्ही मांडला. अख्खं गाव आलं, पहिल्या रांगेत सासरे. खिळा दिसला, हार दिसला, सुखदेवभाऊ आले. त्यांनी तोंड उघडायच्या आधीच एक बारीक आवाज म्हणाला, "लक्ष्मी, तू मले सोडून काऊन गेली?" लोकांनी खिळ्याकडं पाहिलं. मग भाऊ तेच गर्जले.

"दारू आन, नाईतर मुडदा पाडीन," हे मी देवळात नवस बोलावा तसं म्हटलं होतं. पुढं, "आता छाती बडवा. जरा हळू, भाऊ." भाऊंनी हळू बडवली. "थांबा, पान चिकटलं." भाऊ बाटली तोंडाला लावून थांबले, ते थांबलेच. खोलीत हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते सगळे.

सासऱ्यांनी मान वळवली. "हा कोनाचा आवाज व्हय?"

"तुमच्याच सुनेचा," कौसल्याबाई म्हणाल्या.

"तिले आवाज आहे?"

होता! पुढच्याच दृश्यात भाऊ न बोलता रडत होते, आणि माझा आवाज कौसल्याबाईंना सांगत होता, "दिवाळीले नाई होत तुमचा ब्लाऊज. या मानसाले शिवनंच जमते. पिक्चरमधलं काही कळत नाई, पन सांगन कोन?"

सासरे उठले, टोपी झटकली आणि निर्मात्यांना म्हणाले, "ऐकलं नं? बस आता मशीनवर." मी तोवर घरी पोचून धान साठवायच्या ढोलीमागं बसले होते.

यजमान तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही, पण माझं न बोलणं कोणाच्या ध्यानात येत नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या गावच्या नाटक मंडळाचे दोघे आले. हे मशीनवरून उठले, केस विंचरले आणि कॅसेट पुढं केली. त्यांतले वयस्क म्हणाले, "पिक्चर राहू द्या तुमच्यापाशी. आमाले ते वाचनारी बाई पायजे. मंडईच्या जत्रेले आमचं नाटक आहे, आन् वही वाचाले मानूस नाई."

सासरे म्हणाले, "माही ना नाई. तिलेच विचारा."

मी दाराआड उभी होते.

"सांगा बाई, येता काय?"

मला जायचं होतं. त्या वहीतून मी दारू मागितली होती, मुडदा पाडायची धमकी दिली होती, आणि मला ते फार आवडलं होतं. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी तोंड उघडलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. पाहुण्यांचा चहा संपला.

"ती कोनाशी बोलत नाई," शेवटी यांनीच सांगून टाकलं, आणि ते दोघे उठून गेले.

सुखदेवभाऊंना एकही वाक्य पाठ होत नाही म्हणून हसणारी मी! माझा तर एका अक्षराचाच संवाद होता, आणि तोही मागून वाचून द्यायला कोणीतरी हवं होतं.