सांगणाऱ्याचं नाव

"कुनी सांगितलं?" एवढं विचारून अण्णा कानावरची पेन्सिल काढत. सोनईजवळच्या आमच्या गावात ते ग्रंथपाल होते. छापील ज्ञानकोशात चूक सापडली की त्या पानावर चिठ्ठी चिकटवायची आणि चिठ्ठीवर सांगणाऱ्याचं नाव लिहायचं, ही त्यांची रीत. चिठ्ठ्यांनी खंड इतके फुगले होते की कपाटाचं दार लागत नसे.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. माझ्यासारखा तर नक्कीच असेल. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. वाक्य संपलं की उद्गारचिन्ह. "अण्णा, छापलं की ज्ञान मेलं! मोबाईलवरचा ज्ञानकोश बघा. जनतेचा! कुणीही दुरुस्त करतं!"

"कुनीबी म्हंजे कोन? नाव सांगा की."

उत्तर म्हणून मी तिथे आमच्या गावाचं पानच लिहिलं. गावतळं तरुणांनी श्रमदानातून खोदलं, हे त्यातलं रत्न. आधार? माझंच जुनं पत्रक. पुढे शाळेच्या स्मरणिकेनं ते वाक्य मोबाईलवरून उचललं. मग मी स्मरणिकेचा संदर्भ त्या पानाला जोडला आणि स्मरणिका अण्णांपुढे आपटली. "घ्या, आता छापील पुरावा!"

अण्णा हसले. "म्हंजे लेखक, तुमीच सांगितलं आन् तुमीच ऐकलं." मग हळूच म्हणाले, "दुष्काळी कामावर बायांनी खोदलंय ते. माझी आई हुती त्यात. मला झाडाला झोळीत टांगून माती वाहायची. घरी हाय अजून. इचारलं न्हाई कधी?"

जनतेच्या नावानं मी कागदाचे रीमचे रीम खर्ची घातले होते. गल्लीतल्या म्हातारीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

मी लगेच पान दुरुस्त केलं. दुसऱ्याच दिवशी कुणा अनोळखी संपादकानं दुरुस्ती काढून टाकली: संदर्भ नाही. श्रमदानाला मात्र होता.

"नवं पत्रक छापतो, त्याचा संदर्भ देतो!" मी पेटलो.

"परत तुमीच?" अण्णा म्हणाले. "आईची नजर चाललीय. वाचता येत न्हाई, पन सोताचं नाव वळखती. एकदा कागदावर बघू दे तिला, बास."

गेल्या वर्षी अण्णा गेले. मोबाईलवर तळं अजून तरुणच खोदताहेत.

परवा वाचनालयात ती स्मरणिका उघडली. तळ्याच्या पानावर चिठ्ठी होती. 'तळे दुष्काळी कामावरील बायांनी खोदले. सांगणार:' पुढे त्यांच्या आईचं पूर्ण नाव, शेजारी तिचा अंगठा. खाली आणखी एक ओळ: 'चूक करणार:' पुढची जागा कोरी. विचारल्याशिवाय ते कुणाचंच नाव लिहीत नसत.

मी पेन्सिल घेतली. नाव लिहिलं. उद्गारचिन्ह दिलं नाही.