पडद्यावर हललेला पाडा

तुळशीदास जव्हारच्या एका शिक्षकाचा मुलगा. नाशिकला कॉम्प्युटर शिकला, तिथं नोकरी मिळत असताना परत आला आणि मोखाड्यातल्या एका संस्थेसाठी पाण्याच्या टँकरच्या याद्यांचा प्रोग्राम त्यानं एकट्यानं लिहून काढला. साल दोन हजार सहा. माणूस कमालीचा जपून वागणारा. मोखाड्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून प्रोग्रामलाही त्यानं आपलीच सवय लावली: डेटाबेसातून पाड्याची नोंद वाचली की सेशन, म्हणजे डेटाबेसशी चालू असलेला संपर्क, ताबडतोब बंद. अर्धवट काही उघडं राहायला नको. या शहाणपणानंच त्याचा घात केला.

एप्रिलअखेर सूर्यमाळकडून गोजाबाई चालत आली. मागच्या पावसाळ्यात दरड ढासळल्यानं त्यांच्या पाड्याची सात घरं टेकडीपलीकडं हलली होती, टँकर मात्र जुन्या विहिरीवरच जाणार होता. तुळशीदासनं नोंदीतली जागा बदलली, सेव्ह केली, पडद्यावरून वाचून दाखवली.

"झालं, मावशी. निवांत जा."

मेच्या दहा तारखेला ती पुन्हा दारात.

"दादा, टँकर जुन्याच हिरीत रिता झाला. आमी डोंगर उतरून जाव, तवर पानी सरलं."

त्यानं नोंद उघडली. जुनीच जागा. गोजाबाई बाकावर बसून राहिली आणि तो दुपारभर ओळ न् ओळ तपासत राहिला, तेव्हा कुठं उमगलं. नोंदीचं ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रामच्या हातातली तिची प्रत, सेशनमध्ये असतं तोवरच सेशनचं त्यातल्या बदलांकडे लक्ष असतं. सेशन बंद झालं की ते सुटं पडतं. मग त्यात काहीही बदला, पडद्यावर दिसतं, डेटाबेसला पत्ता नसतो. सेव्ह करताना ते नव्या सेशनला पुन्हा जोडायचं, एवढंच राहून गेलं होतं. आणि हा लबाड प्रोग्राम चूक झाली म्हणून कुरकुरलाही नव्हता.

एका ओळीचं काम. ती लिहिली, जागा बदलली, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला. या वेळी बदल टिकला होता.

मग त्यानं याद्या मंजूर करणाऱ्या साहेबांना फोन लावला. मेची यादी मंजूर झालीय, मध्येच बदल होत नसतो, असं उत्तर आलं. त्यानं चूक कबूल केली, गयावया केली, शेवटी आवाजही चढवला. पलीकडून फोन ठेवला गेला. त्याला गोजाबाईकडे बघवेना.

"आता येल ना पानी?"

"पुढच्या यादीत, मावशी. जूनच्या."

गोजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

"जूनला तं पाऊसच येल, दादा."