सहा वाव अंतर

पर्जन्यवृक्ष पंचवीस वर्षांनी केवढा होतो, हे तुम्हाला तरी ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर लोक दहा-दहा फुटांवर खड्डे काढतात तेव्हा तुम्ही गप्प कसे बसता?

वर्तकनगरच्या अलीकडे एका कारखान्याची वसाहत. गोमाजी तिथे त्र्याहत्तर सालापासून रोजंदारीवर माळी. मूळचा खाडीवरचा कोळी. मासळी आटली तसं हातात फावडं आलं. पण मोजमाप तो कोळ्याच्याच रीतीने करायचा. दोन्ही हात ताणले की एक वाव, सुमारे सहा फूट. टेपला त्याने कधी हात लावला नाही.

चौऱ्याऐंशी साली त्याचं नाव कायम होणाऱ्यांच्या यादीत लागलं. कायम झालेल्याला वसाहतीत खोली मिळायची. यादी बागेचे सुपरवायझर हरिहर यांच्या टेबलावर होती.

श्रावणात हरिहरनी नकाशा दिला. सहाशे फुटांचा रस्ता, दर दहा फुटांवर रोप, दोन्ही बाजूंना साठ-साठ. पंधरवड्यात मोठे साहेब बघायला येणार होते, रस्ता भरलेला दिसायला हवा होता.

गोमाजीने नकाशा घडी घालून खिशात टाकला. हे झाड अशोकासारखं सरळसोट वर जात नाही, छत्रीसारखं आडवं पसरतं, हे त्याला कारखान्याच्या जुन्या गेटवरच्या झाडाखाली रोज डबा खाऊन कळलेलं. त्याने सहा-सहा वावांवर खड्डे घेतले. उजवी बाजू स्वतः मोजली, डावी बायकोने, जनाबाईने. तीही तिथेच रोजावर होती. तिचे हात आखूड. उजवीकडे सतरा रोपं बसली, डावीकडे एकवीस.

हरिहर आले ते तावातच. एकशे वीस सांगितली होती, ही अडतीस कुठली, बाकीची काय शेळ्यांनी खाल्ली, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं. मधली जागा भर, नाहीतर यादीतलं नाव खोडतो, हेही सांगितलं.

"सायेब," गोमाजी म्हणाला, "खाडीत दोन जाली लागून मांडली तर दोघं बी उपाशी. झाडाचं तसंच हाय. भरायचं तर तुमी भरा, मी नाय."

नाव खोडलं गेलं. मग मोठ्या साहेबांचं येणंच रद्द झालं, आणि मधली जागा भरायची कुणाला आठवणही राहिली नाही.

नाव खोडल्याच्या नवव्या दिवशी भाकरी वाढताना जनाबाई म्हणाली, "झाडाला जागा दिलीस. आपल्या पोरांना कवा?"

चौऱ्याण्णव साली त्याचं काम सुटलं, तेही रोजंदारीवरच.

उजवीकडची झाडं ऐसपैस वाढली. डावीकडची एकमेकांत घुसली, त्यातली दोन तोडावी लागली. गोमाजी हे लपवत नाही. ती बाजू पुन्हा मोजायला हवी होती, म्हणतो, पण तसं बोललो असतो तर जनीने फावडं माझ्याच डोक्यात घातलं असतं.

आता वसाहतीच्या कमिटीला उजवीकडची जागा रिकामी दिसायला लागलीय. दोन-दोन झाडांच्या मध्ये आणखी एकेक, असे सोळा पर्जन्यवृक्ष लावायचा अर्ज घेऊन सेक्रेटरी सुमेधाबाई येत्या रविवारी दारोदार फिरणार आहेत. तुमचीही बेल वाजेल. त्यांना चहा द्या, सही देऊ नका.