मनीची वाटी पालथी होती

तीन वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका सकाळी, आमच्या मांजरीला, मनीला, इन्शुलिनचा डोस दोनदा दिला गेला. पहिला मी दिला, दुसरा आईने. एवढं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दोन डोसांच्या मध्ये काय झालं, ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

जरीपटका वस्तीतल्या घरात तेव्हा आम्ही तिघी राहत होतो. आई, मनी आणि मी. मी एका दैनिकात उपसंपादक, बहुतेक वेळा रात्रपाळीला. आईला जुना मधुमेह. मनीलाही तोच निघाला तेव्हा आई घाबरली नाही, उलट तिला सोबत मिळाल्यासारखं झालं. आधी स्वतःला टोचून घ्यायची, मग मनीला खाऊ घालायची, मग तिच्या मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई. मनी हलायची नाही. मी तोंड फिरवायची आणि आई म्हणायची, "तुह्यापेक्षा मनी बरी वं. तिले सुई टोचते तरी ती पाहून राहते."

घरात एक पद्धत होती. सुई दिली की मनीची स्टीलची वाटी ओट्यावर पालथी घालायची. वाटी सरळ, म्हणजे सुई राहिली आहे. आईनेच ही रीत लावली होती, कारण आम्हा दोघींच्या झोपायच्या वेळा जुळत नसत. त्या रीतीवर आम्ही पूर्ण विसंबून होतो. त्यामुळे एकमेकींना विचारायची वेळच येत नसे.

त्या सकाळी मी पाळी संपवून आले. मनी पायात घोटाळत होती. आईला झोपू द्यावं म्हणून मीच तिला खायला घातलं, सुई दिली, वाटी विसळली — आणि ओट्यावर सरळ ठेवली. का? काही कारण नाही. भांडं धुतल्यावर ठेवतो तसं ठेवलं. मग मी जाऊन झोपले.

आई उठली, आंघोळ, बुद्धवंदना आटोपली. तिने वाटी सरळ पाहिली. मनीने पुन्हा थोडं खाल्लं. आईने सुई दिली आणि वाटी पालथी घातली. तिने सगळं बरोबर केलं होतं.

तिच्या हाकेने मी जागी झाले. मनी ओट्याखाली आडवी पडली होती, पाय ताठ, अंगाला झटके. आई जमिनीवर बसून साखरेचं पाणी बोटाने तिच्या हिरड्यांना चोळत होती. हात स्थिर होता. जनावरांच्या डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत रिक्षातही ती चोळतच राहिली. मनी वाचली ती त्यामुळे. हे डॉक्टरही म्हणाले.

त्यांनी विचारलं, डोस कुणी दिला? मी दिला, मी म्हणाले. मीही दिला, आई म्हणाली. मग ती माझ्याकडे वळली.

"वाटी तर सरळ होती वं."

इथे मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. रोज रात्री मी बातमीदारांना विचारत असे — तू स्वतः पाहिलंस का? आणि मी काय म्हणाले?

"नाही आई. मी पालथी घातली होती."

तिने साखरेची बोटं पदराला पुसली. मग हळूच म्हणाली, "मंग मीच सरळ केली असन. मले आठवत नाही."

तिने माझ्यावर शंका घेतली नाही. स्वतःवर घेतली.

त्यानंतर तिने मनीला सुई लावली नाही. काही दिवसांनी स्वतःचीही माझ्या हातात देऊ लागली. गॅस बंद केला का, कडी लावली का, जेवण झालं का आपलं — सगळं मला विचारू लागली. मी उत्तरं देत गेले. बुटीबोरीला राहणारा माझा मोठा भाऊ आला, त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, तू रात्री कामावर असतेस, हिला आता एकटं ठेवता येत नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या साड्यांची बॅग भरली.

दादाच्या घरी लहान मूल होतं, म्हणून मनी माझ्याकडे राहिली. सुट्टीच्या दिवशी मी आईकडे जायची. ती आधी मनीचं विचारायची. खाते का नीट? सुई कोणत्या बाजूने देतेस? रोज एकाच जागी नको देऊ, गाठ येते. मी परत आले की मनी दारात येऊन माझ्या मागे पाहायची. तिला कोण हवं असे, ते मला ठाऊक होतं. मलाही तीच हवी होती — ओट्याशी उभी, सिरिंज उजेडात धरून, माझी थट्टा करणारी.

एकदा आई म्हणाली, "मले एकडाव घरी ने वं. मी मनीले हात नाही लावत. दुरूनच पाहीन."

सुट्टी मिळाली की नेते, मी म्हणाले. सुट्ट्या मिळत होत्या. ओट्यासमोर उभी राहिली आणि तिला ती सकाळ आठवली तर — याची मला भीती होती. मी तिला नेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात, बुटीबोरीला, दादाच्या घरी, आई वारली.