आत्याच्या खोलीतली दुपार

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. बीडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्टमध्ये दिसेल तेवढंच खरं, असा माझा स्वभाव. आम्ही ख्रिस्ती. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जाते, पण खरं सांगायचं तर तेही सवयीनं. म्हणून हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस अडले होते...

माझी आत्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर तिला जुन्या संतांचं वेड लागलं — ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या काळात इजिप्तच्या वाळवंटात एकेकटे राहून प्रार्थना करणारे ते. संत अंतोनी, अम्मा सिंक्लेटिका... चहा पिता पिता त्यांच्याबद्दल असं बोलायची, जणू आमच्या गल्लीतलीच माणसं. "शालू, आपण सारखं कुठंतरी पळत असतो बघ. त्यांनी एका जागी बसायचं ठरवलं. बाकी काही नाही."

यंदा ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू झाला आणि ती खरंच जाऊन बसली. शिरूर कासारच्या पुढं माळावर एक वस्ती आहे. हंगामात तिथली माणसं ऊसतोडीला जातात, दारांना कुलपं. त्यातलं एक पत्र्याचं घर तिनं ईस्टरपर्यंत मागून घेतलं. फोन बंद. त्यात तिला शुगर. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. शेवटी एका रविवारी मिस्सा झाल्यावर मीच स्कूटी काढली. तिला घेऊनच यायचं, असं ठरवून.

रस्ताभर काय बोलायचं ते जुळवत होते. 'आत्या, देव काय फक्त माळावरच भेटतो का? आपली पुढची खोली रिकामीच आहे. तिथं बस की.' हे मला इतकं पटलं, की हेल्मेटमध्ये मोठ्यानं म्हणूनही पाहिलं.

पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वस्तीवर मागं राहिलेली ठकूबाई म्हणून एक म्हातारी लिंबाखाली शेळ्या घेऊन बसली होती. माझी हाक ऐकून ती उठून उभीच राहिली.

"तू भाईर कवा आलीस गं?"

"आत्ताच येतेय, आजी. बीडहून."

"न्हाई... आत्ता तर तू आत बोलत व्हतीस." तिनं माझा हात धरला. "ऊन कलू दे, मंग जा. रोज या टायमाला ताई कुनासंगं तरी लई वाद घालती. आत जाताना मातर कुनी दिसत न्हाई."

मला हसू आलं. हात सोडवून दाराशी गेले. आतून आत्याचा आवाज येत होता, हळू, स्तोत्र म्हणत असल्यासारखा. आणि मधेच दुसरा आवाज म्हणाला —

"आत्या, देव काय फक्त माळावरच भेटतो का?"

माझा आवाज. आपलाच व्हॉइस मेसेज ऐकताना वाटतं ना, तसा... आपला, पण बाहेरून आलेला.

"आपली पुढची खोली रिकामीच आहे. तिथं बस की. मरशील इथं, आत्या. कुणाला कळणारसुद्धा नाही."

हे शेवटचं मी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. मनात मात्र आलं होतं.

कशीबशी खिडकीच्या फटीला डोळा लावला. एकच खोली, मागं दार नाही. आत्या चटईवर बसलेली, रिकाम्या कोपऱ्याकडं तोंड करून. दुसरं कुणीही नाही. ती त्या कोपऱ्याला म्हणाली, "तू कोण आहेस? आणि आलीस कुठून?"

माझा तो आवाज बंद झाला.

मी दार बडवलं. "आत्या! मी शालू! दार उघड!"

आतून त्याच सुरात आलं, "तू कोण आहेस? आणि आलीस कुठून?"

"अगं मी शालू! बीडहून आलेय!"

"रोज हेच सांगतेस."

मला रडू फुटलं. मला जे जे बोलायचं होतं, ते आधीच बोलून झालं होतं. शेवटी म्हटलं, "मी तुला न्यायला नाही आले. गोळ्या आणल्यात, भाकरी आणलीय. उंबऱ्यावर ठेवते आणि जाते."

पिशवी उंबऱ्यावर ठेवून मागं सरले. मग कडी निघाली.

आत्यानं मला जवळ घेतलं नाही. माझ्या कपाळावरून, मानेवरून तळवा फिरवला आणि तो ओला तळवा बघत राहिली.

"तुला घाम आलाय," ती म्हणाली. "तिला येत नाही."

आत गेल्या गेल्या तिची शुगर तपासली. नॉर्मल. बोलणंही नेहमीसारखं शांत. म्हणाली, त्या संतांनाही हा सैतान भर दुपारीच गाठायचा, घरी जायची ओढ घेऊन. कधी मायेच्या माणसाचं रूप घेऊन. ते त्याला नाव विचारायचे आणि जागेवरून उठायचे नाहीत.

"तुला भीती नाही वाटत?"

"लई वाटते गं. म्हणून तर विचारते."

मी तिला आणलं नाही. ईस्टरच्या आदल्या दिवशी ती एसटीनं आपली आपण आली, जरा वाळलेली, पण ठणठणीत.

उन्हानं मला भास झाला म्हणावं, तर ठकूबाईनं माझ्याआधी ऐकलं होतं. आणि हेल्मेटमधलं वाक्य मी कुणाला सांगितलं होतं? त्या आवाजात काही वाईट, कपटी असं ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही नव्हतं. त्यात आत्याची काळजी होती... अगदी माझ्याइतकीच.