रोहीच्या पिल्लाचे सहा दिवस

मी नववीत होते तेव्हाची दिवाळी. आमच्या पोरीला जनावरांचं भारी वेड आहे, असं घरात सगळे कौतुकानं सांगत. वेड म्हणजे काय, तर कुत्र्याची पिल्लं मांडीवर घ्यायची, त्यांचे फोटो काढायचे, आणि ती हगली की आईला हाक मारायची. तेवढंच. पण ते तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

आम्ही अमरावतीला राहायचो. दिवाळीला दर्यापूरकडच्या आमच्या गावी मोठ्या बाबांकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाकडे जायचो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी कापूस वेचणाऱ्या बायांना पऱ्हाटीच्या ओळीत रोहीचं पिल्लू दिसलं. रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे तिला नीलगाय कोणी म्हणत नाही. पिल्लू मान जमिनीला चिकटवून गप्प बसलेलं होतं. माणसं जवळ आली तरी हललं नाही. बाया म्हणाल्या, "माय सोडून गेली याले." मोठ्या बाबांनी ते मोटारसायकलवर मांडीत धरून घरी आणलं आणि अंगणात माझ्यासमोर ठेवलं.

"घे. तुले जनावरं पाह्यजे होते ना?"

मी आनंदानं किंचाळले. ते पिल्लू पहिल्यांदा दचकलं ते त्या किंचाळण्यानं.

पुढचे दोन दिवस आमच्या अंगणात जत्रा होती. सगळं गाव येऊन गेलं. लोक पिल्लाला कडेवर घेत, त्याचे कान धरून तोंड मोबाइलकडे वळवत. शेजारच्या काकू करंजी घेऊन आल्या. कोणी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. मी बाटलीनं म्हशीचं घट्ट दूध पाजत होते, त्यात साखर आणि कुस्करलेली बिस्किटं. ते तोंड फिरवायचं. मग चुलतभाऊ जबडा धरायचा आणि मी ओतायचे. नाकातून दूध यायचं, पोरं हसायची, मीही हसायचे. हे लिहितानासुद्धा मला स्वतःची शिसारी येते.

तिसऱ्या दिवशी ते हगायला लागलं. पिवळं, पाण्यासारखं, आंबट वासाचं. शेपटी, मागचे पाय, पोट, सगळं बरबटलं. अंगणात त्याला बांधलं होतं तिथे माश्यांचा थर बसला. मी नाकाला ओढणी लावली आणि मोठ्या आईला, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोला, हाक मारली.

"तुलेच हौस होती ना व?" मोठी आई म्हणाली. पण धुतलं तिनंच. त्या दिवसापासून फोटो काढायला कोणी आलं नाही. घाणेरडं पिल्लू कोणाला कडेवर नको होतं. मलाही नको होतं. मी ओसरीवर बसून, आधी काढलेले फोटो मैत्रिणींना पाठवत होते.

चौथ्या दिवशी वास बदलला. हगवणीचा नव्हे, दुसराच, गोडसर सडका, घशात चिकटणारा. पाचव्या दिवशी सकाळी मोठ्या आईनं पिल्लू उलटं केलं आणि हात मागे घेतला. बेंबीच्या जागी रुपयाएवढं भोक होतं आणि ते भोक हलत होतं.

"किडे पडले याले," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. पांढऱ्या, जाड अळ्या डोकी आत खुपसून, शेपट्या वर करून एकमेकींत वळवळत होत्या. मी तशीच मोरीत गेले आणि सकाळचा चहा ओकले.

मोठ्या बाबांनी ढोरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना बोलावलं. पस्तिशीतली उंच, सावळी बाई, पायांत गमबूट. अंगणात पाऊल टाकताच त्यांनी आधी वास घेतला, मग पिल्लाकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"हे इथं काहून आहे?"

"माय सोडून गेली होती, मॅडम," मोठे बाबा म्हणाले.

"सोडून नव्हती गेली. रोही पिल्लाले लपवून ठेवते अन् चरायले जाते. पिल्लू हलत नाही, म्हणून तर वाचते. दिवसातून दोन-तीनदा येऊन पाजते. तुमी चोरून आणलं याले." मग त्यांनी विचारलं, "पाजते कोण?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय काय पाजलं ते मी सांगितलं. बिस्किटांवर आल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

"इकडे ये. हातमोजे घाल."

"मला नाही जमणार. मला किळस येते."

"मलेही येते. दहा वर्षं झाली तरी येते. घाल."

त्यांनी जखमेत टर्पेंटाईनचा बोळा कोंबला. थोड्या वेळानं अळ्या गुदमरून वर यायला लागल्या. मॅडमनी चिमटा माझ्या हातात दिला आणि पिल्लू स्वतः धरलं. मी एकेक अळी ओढून काढत होते. काही मधेच तुटायच्या आणि चिमट्यावर पांढरट चिकट राहायचं. वरच्या संपल्या की खालून नव्या यायच्या. भोक बोटभर खोल होतं. हातमोज्यातला माझा हात घामानं भिजला होता, तोंडात आंबट पाणी येत होतं. दोनदा मी बाजूला जाऊन थुंकून आले. पिल्लू मात्र ओरडलं नाही. त्याच्यात तेवढा जीवच उरला नव्हता. एकदा त्यानं माझ्या मनगटाला नाक लावलं. ते नाक कोरडं, गरम होतं.

तासाभरानं मॅडमनी जखम धुतली, मलम भरलं, इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि वनखात्याला फोन केला. "जंगली जनावर घरात ठेवता येत नाही, माहीत नाही काय तुमाले?" त्या मोठ्या बाबांना म्हणाल्या.

सहाव्या दिवशी वनखात्याची गाडी आली तोवर पिल्लू गेलं होतं. पंचनामा झाला. मोठ्या बाबांनी जबाब दिला. गावाबाहेरच्या पडीक जागेत मॅडमनी पिल्लाचं पोट उघडलं. मी मागोमाग गेले होते. "थांबायचं तर थांब," एवढंच त्या म्हणाल्या. पोटातून आधी फस्सकन वारा सुटला. आत दुधाचे रबरासारखे घट्ट गोळे आणि बिस्किटांचा करडा, फेसाळ चिखल. कुजलेल्या दुधाचा वास चहूकडे पसरला. वनरक्षक तोंड फिरवून उभा राहिला. मी तोंड फिरवलं नाही. ते मीच भरलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना मोठे बाबा वरणात भाकर कुस्करत सहज म्हणाले, "त्याची माय आली होती बरं. आणलं त्या दिवशी अन् दुसऱ्या दिवशीही. दिवस बुडता बुडता शेताच्या धुऱ्यावर, बांधावर येऊन उभी राहे. मी दोन सुतळी बॉम्ब फोडले, मंग नाही आली."

चुलतभाऊ हसला.

"तेव्हा काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगून काय करते? रोही हाय ते. अख्खी तूर खाऊन टाकते."

"तुम्ही पिल्लू परत नेऊन ठेवलं असतं तर ते जगलं असतं."

"तू देऊ दिलं असतं काय?" त्यांनी विचारलं.

पहिल्या दिवशी मी ते पिल्लू कोणालाही देऊ दिलं नसतं. मी ताट सारून उठले. मोठ्या बाबांची, त्या हसण्याची, अंगणात येऊन गेलेल्या प्रत्येक माणसाची मला घाण वाटत होती, आणि सगळ्यात जास्त माझ्याच हातांची. साबणानं किती धुतले तरी त्यांना टर्पेंटाईनचा वास येत होता.

पुढच्या सुट्ट्यांत मी मॅडमच्या दवाखान्यात जायला लागले. मोडलेली शिंगं, सडलेले खूर, गोचिडांनी भरलेले कान. किळस कधी गेली नाही. तिच्यासकट काम करायचं असतं एवढं कळलं. आज मी स्वतः अकोला जिल्ह्यात ढोरांची डॉक्टर आहे. जनावरांची आवड असलेली पोरं भेटतात, तेव्हा त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते, की रानात एकटं पिल्लू दिसलं तर हात लावू नका, फोटोसाठी थांबू नका, मागे फिरा आणि दुरून पाहा.

त्या दिवाळीनंतर दोन वर्षांनी आमच्याच शेतात बायांना पुन्हा रोहीचं पिल्लू दिसलं. मोठे बाबा लांबूनच ओरडले, "हात नका लावू कोणी! मले परत जबाब द्यायले नाही जायचं." दयेनं नव्हे, कटकट नको म्हणून. बाया त्या ओळी सोडून पुढे गेल्या. अंधार पडायच्या आत रोही आली आणि पिल्लाला घेऊन गेली. त्या हिवाळ्यात दोघांनी मिळून मोठ्या बाबांचा निम्मा हरभरा खाल्ला, आणि बाबा रोज सकाळी त्यांना शिव्या घालत होते.