गिअरच्या मुठीचं गाऱ्हाणं

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि पहिली गाडीही माझीच, जुनी असली म्हणून काय झालं! गिअरची झिजलेली मूठ आणि तिच्याखालचं फाटकं कव्हर मी अंगणातच बदललं. पण आई गाडीत बसेना. "रस्त्यात मूठ हातात इली तर?"

रोज दारावर मासे घेऊन येणारी बाई ऐकत होती. तिचं नाव मला अजून माहीत नाही. पाटी उतरवून, पदर खोचून तिने गिअरला हात जोडले आणि देवळात मानकरी घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या झिलान बसयलेली मूठ घट्ट रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळातल्या गाऱ्हाण्याला सगळे देतात तशी आईने सवयीने साथ दिली.

"देवासमोर व्हय म्हटलंस, मगे बस गो वयनी!"

आई हसत हसत पुढे बसली. मागे वळून बघतो तर पाटीसकट तीही बसलेली.